औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : हौशी चित्रकार की कलांचे आश्रयदाते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : संस्थानिकाच्या घरात जन्मलेला, पण गादीवर येण्याची फारशी शक्यता नसलेला एक तरुण चित्रे काढू लागतो आणि उतारवयात कलांचा आश्रयदाता म्हणून ओळखला जातो, अशा माणसाचे व्यक्तिचित्र लिहिताना त्याच्या हौशीला किती महत्त्व द्यावे, आणि औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे खरोखर आश्रयदाते होते, की हाताशी पैसा आणि वेळ असलेले हौशी चित्रकार होते? आपण पुण्यात राहून हे लिहिणार आहात, त्यामुळे पुण्यात पाहता येईल असे काय आहे, हेही आपण विचारले आहे.

संस्थानी संग्रहांच्या सूची तयार करण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवावरून उत्तर द्यायचे, तर बाळासाहेब दोन्ही होते. हौस त्यांच्या चित्रांवरून दिसते. आश्रयदाता ठरवण्याची कसोटी मात्र वेगळी आहे : ज्या कामात आपली आवड पुरी होत नाही, जे आपल्या हयातीत पुरे होण्याची खात्री नाही आणि ज्याची सूत्रे दुसऱ्याच्या हाती आहेत, अशा कामासाठी त्या माणसाने पैसा दिला का, आणि देत राहिला का? बाळासाहेबांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत मिळते. तेथपर्यंत जाण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे.

पुणेकर वाचकाला औंध म्हटले की गणेशखिंडीपलीकडचे उपनगर आठवते. हे औंध ते नव्हे. हे औंध साताऱ्याच्या पूर्वेला खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. छत्रपती राजारामांच्या काळात पुढे आलेले किन्हईचे परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे मूळ पुरुष, आणि प्रतिनिधी हे त्यांना मिळालेले पद. इंग्रजी अमलात उरलेले संस्थान सुमारे ५०० चौरस मैलांचे होते, तेही सलग नव्हते. बहात्तर गावे सातारा, आटपाडी आणि विजापूरकडच्या भागात विखुरलेली होती. १९०१ च्या सुमारास लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती. बडोद्याशी ताडून पाहिले, तर औंधचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे सोळाव्या हिश्श्याइतके भरते. सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रे एकदम करवून घेतली, लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी परदेशी कारागीर आणले, कलाभवन काढले. ती ऐपत औंधची कधीच नव्हती. म्हणून बडोद्याला लावलेली फूटपट्टी औंधला लावू नये. छोट्या तिजोरीच्या माणसाला प्रत्येक खर्चासाठी दुसरा एखादा खर्च सोडावा लागतो, आणि व्यक्तिचित्र लिहिणाऱ्याने त्याने काय सोडले आणि काय धरले, याकडे लक्ष द्यावे.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. वडिलांच्या मागून १९०१ मध्ये गादी थोरल्या भावाकडे गेली, त्यांच्यानंतर पुतण्याकडे; त्या पुतण्याला इंग्रज सरकारने १९०९ मध्ये दूर केले आणि तेव्हा बाळासाहेब गादीवर आले. त्यांचे वय त्या वेळी एक्केचाळीस होते. या साध्या हिशेबाकडे बहुतेक लेखक दुर्लक्ष करतात आणि 'चित्रकार राजा' असे शब्द वापरून मोकळे होतात. वस्तुतः ज्या वयात माणसाची आवड पक्की होते, त्या सगळ्या वयात ते राजे नव्हते आणि होतील असेही कोणाला वाटत नव्हते. घरात मान होता, पण अखेरचा शब्द दुसऱ्याचा होता. अशा तरुणाला दोन वाटा मोकळ्या असतात : शिकार, घोडे, मेजवान्या यांत वेळ घालवणे, किंवा एखादी विद्या हाताला लावून घेणे. बाळासाहेबांनी पदवी घेतली, चित्रकलेचा हात घडवला आणि कीर्तन आत्मसात केले. संस्थानिकाच्या घरातील मुलाने बुवांसारखे उभे राहून आख्यान लावावे, ही त्या काळी सर्वांच्या पचनी पडणारी गोष्ट नसावी, असे मला वाटते. पण त्यांच्या चित्रांचे मूळ मी तेथेच शोधतो, कारण ती चित्रे सुटी उभी राहत नाहीत, त्यांच्या मागे नेहमी आख्यान असते.

शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात होते. त्या दशकांतले पुणे चित्रांच्या दृष्टीने काय होते, हे आपल्या लेखात अवश्य यावे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळेने देवादिकांची आणि पेशवाईतील पुरुषांची रंगीत शिळाछापे घराघरांत पोहोचवली होती. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा प्रयोग पुण्यात झाला आणि पौराणिक पात्रे रंगभूमीवर झुलत्या पडद्यांपुढे गाऊ लागली. १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो मळवलीला, म्हणजे पुणे-मुंबई लोहमार्गावरच आला. थोडक्यात, देव कसे दिसतात हा प्रश्न त्या पिढीपुढे नव्याने उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर दगडी साच्यावरून चार-आठ आण्यांना मिळू लागले होते. रंग कालवणाऱ्या तरुणावर या वातावरणाचा परिणाम झाला नसता, तरच नवल.

तो झालेला स्पष्ट दिसतो. १९१६ मध्ये बाळासाहेबांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध झाले. या चित्रांतील पात्रांची बसण्याउठण्याची ढब, दागिन्यांची हौस, खांब आणि पडदे हे सगळे रविवर्म्याच्या वळणाचे आहे. रविवर्म्याजवळ असलेला देहाचा भरीवपणा मात्र येथे नाही. मला विचाराल, तर चित्रकार म्हणून बाळासाहेब मध्यम प्रतीचे होते. त्यांची कथनाची बाजू चांगली आहे, प्रसंग निवडण्याची जाण चांगली आहे, पण हात बेताचा आहे. हे लिहिण्यास आपण संकोचू नये. एखाद्याला थोर आश्रयदाता ठरवण्यासाठी त्याला थोर चित्रकार ठरवण्याची गरज नसते, आणि मराठीत या दोहोंची सरमिसळ करण्याची खोड फार जुनी आहे.

पुढच्या काळात त्यांच्या विचारात जो बदल दिसतो, तो मला चित्रांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. रविवर्म्याच्या द्रौपदीने किंवा दमयंतीने नेसलेले लुगडे हे एकोणिसाव्या शतकाचे आहे, ही टीका तोवर देशात रुजली होती. मग प्राचीन काळच्या माणसांची वस्त्रे, शिरोभूषणे, आसने कशी होती? याचा शोध घेण्यासाठी लेण्यांकडे जावे लागते, आणि बाळासाहेब तेथे गेले. वेरूळच्या लेण्यांवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये त्यांची इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके निघाली. छापील चित्रांच्या प्रभावाखाली वाढलेला माणूस पन्नाशी उलटल्यावर भिंतीवरची मूळ रेषा पाहायला जातो आणि पाहिलेले लिहून ठेवतो, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता भांडारकर संस्थेकडे वळतो. संस्थेची स्थापना १९१७ ची. त्यानंतर लवकरच बाळासाहेबांनी महाभारताच्या आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. त्यांच्या मनात सचित्र महाभारत होते. विद्वानांचे म्हणणे असे, की ज्या ग्रंथाचा पाठच प्रांतोप्रांती वेगळा आहे, त्याची चित्रे काढण्यापूर्वी मूळ संहिता तरी ठरली पाहिजे. त्यामुळे चित्रांच्या पुस्तकाची कल्पना बाजूला सरली आणि चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ संहिता ठरवणाऱ्या आवृत्तीचे, अफाट काम पुढे आले. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते पाठमेळणीचा, म्हणजे निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ ताडून पाहण्याच्या कामाचा, आरंभ झाला.

हे काम प्रत्यक्षात कसे चालत असे, ते जवळून पाहिल्याशिवाय त्या एक लाखाचा अर्थ कळत नाही. चौकटी आखलेला कागद घ्यायचा. वरच्या ओळीत एका प्रमाण प्रतीतील श्लोक, एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहायचा. आणि खाली प्रत्येक पोथीतील जे अक्षर वेगळे असेल, तेवढेच त्या-त्या चौकटीत भरायचे. शारदा लिपी वाचणारा वेगळा, नेवारी वाचणारा वेगळा, मल्याळम आणि ग्रंथ लिपी वाचणारे वेगळे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने भरायचे, तिसऱ्याने तपासायचे. या कामासाठी १,२०० हून अधिक पोथ्या हाताळल्या गेल्या. पैसा खर्च झाला तो पोथ्या मिळवण्यावर, वाचकांच्या आणि लेखनिकांच्या पगारावर, कागदावर आणि छपाईवर. दरबारात मांडून ठेवावे असे यांत काही नाही. राजाने पाहुण्याला घेऊन जाऊन दाखवावे, तर दाखवणार काय? आखलेले कागद!

वेळही लागला. व्ही. एस. सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले. आदिपर्वाचा ग्रंथ १९३३ मध्ये पुरा झाला. सुकथनकर १९४३ मध्ये वारले. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. आणि एकोणीस खंडांचे हे कार्य पुरे झाल्याचा समारंभ १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत झाला. तोवर औंध संस्थान विलीन होऊन अठरा वर्षे लोटली होती. मुंबई सरकार, बडोदे, हैदराबादचे निजाम अशा अनेकांनी पुढे या कामाला हातभार लावला आणि त्यांपैकी काहींची ऐपत औंधच्या कित्येक पटींनी मोठी होती. पण काम उभे राहील की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, तेव्हाचे वचन औंधचे होते. चित्रे हवी असलेल्या माणसाने चौकटींच्या कागदांचा खर्च उचलला, याच गोष्टीवर मी त्यांना आश्रयदाता म्हणतो.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती लपवू नये. आदिपर्वाचे मुखपृष्ठ नीट वाचून पहा. संपादकाच्या नावाबरोबर तेथे छापलेले आहे, की हा ग्रंथ प्राचीन नमुन्यांवरून श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी, बी. ए., चीफ ऑफ औंध यांनी सचित्र केला आहे. म्हणजे देणगी देणाऱ्याची चित्रे जगातील एका अत्यंत काटेकोर शास्त्रीय आवृत्तीत विराजमान झाली. ती गुणवत्तेवर आली असती का? माझ्या मते नाही. आज कोणी अभ्यासक त्या चित्रांसाठी आदिपर्व उघडत नाही. मात्र 'प्राचीन नमुन्यांवरून' ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती, संपादकांच्या शिस्तीचा काही अंश आपल्या कुंचल्याला लावून घेण्याचा तो प्रयत्न होता, आणि पाठाच्या निर्णयात त्यांचा हस्तक्षेप कोठे जाणवत नाही. नावामागे त्यांनी जपून लावलेले 'बी. ए.' मला नेहमी लक्षणीय वाटते. पदव्या आणि किताब यांची रेलचेल असलेल्या संस्थानी जगात विद्यापीठाची पदवी छापण्याची त्यांना गरज वाटली. विद्वानांच्या पंक्तीत पाटावर बसण्याचा तो हक्क होता.

औंधच्या श्रीभवानी संग्रहालयाबद्दल बहुतेक वाचकांना थोडीफार माहिती असते, म्हणून मी त्यावर कमी लिहितो. ते १९३८ मध्ये उघडले, मूळपीठाच्या, म्हणजे यमाईच्याच, डोंगरावर आहे, आणि विलीनीकरणानंतर राज्य शासनाच्या ताब्यात आले. त्याच्या इमारतीकडे लक्ष देऊन पहावे. दालनांत उजेड वरून, छताकडून येतो. त्यामुळे तैलचित्रांवर खिडकीचा झगमगाट पडत नाही आणि दिव्याचीही गरज भासत नाही. चित्र भिंतीवर टांगल्यावर कसे दिसते, याचा विचार चित्र काढणारा माणूस करतो. संग्रहात रविवर्मा आहे, चित्रकार म. वि. धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, हस्तिदंत आणि चंदनाची कोरीव कामे आहेत, आणि युरोपीय चित्रांच्या व शिल्पांच्या नकलांचीही मोठी संख्या आहे. नकलांना नाक मुरडणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण हे संग्रहालय मुंबईत किंवा पुण्यात नाही, डोंगरावर आहे, आणि त्याचा प्रेक्षक यमाईच्या यात्रेला आलेला शेतकरी असणार, हे बांधणाऱ्याला माहीत होते. ज्याला युरोपात जाता येणार नाही, त्याला युरोपीय शिल्पाचे प्रमाण आणि घडण नकलेवरूनच दाखवता येते. संग्राहकाच्या प्रतिष्ठेसाठी नक्कल निरुपयोगी असते. शिकवणाऱ्याला ती उपयोगी पडते. हेन्री मूरचे एक शिल्पही तेथे आहे आणि वर्तमानपत्री लेखांचा आरंभ हटकून त्याच्यापासून होतो. आपण तसे करू नये, कारण त्या शिल्पावरून आपल्याला हव्या असलेल्या तरुणाविषयी काहीच कळत नाही.

बाकीच्या गोष्टी ओघाने सांगतो. अंतुबुवा जोशी औंधचे दरबार गायक होते आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवाही त्या दरबाराशी जोडलेले होते. औंधचा संगीत महोत्सव त्याच घराण्याने चालवला. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मुळात चित्रकार. वेदाभ्यासाकडे वळल्यावर त्यांना थारा औंधने दिला, आणि स्वाध्याय मंडळाचे काम तेथून तीसेक वर्षे चालले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे चित्रकला सोडावी लागली होती. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर त्यांना कारखान्यासाठी जागा बाळासाहेबांनी दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. साने गुरुजी काही काळ औंधला शिकले, ग. दि. माडगूळकरही तेथे शिकले. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांकडे होते. सूर्यनमस्कारांचा त्यांनी केलेला प्रचार सर्वांना ठाऊक आहे. आपल्या विषयाशी त्याचा संबंध एवढाच, की आवडीची गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्याची सत्ता त्यांच्या हाती होती आणि शाळांत त्यांनी ती वापरली. आश्रयदाता आणि राज्यकर्ता एकाच देहात असला, की ही सीमा पुसट होते.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो, जो आपण विचारला नाही, पण आपले वाचक विचारतील : पैसा कोणाचा होता? तो रयतेचा होता. आटपाडी महाल (संस्थानाचा एक तालुका) हा कायम दुष्काळाच्या छायेतला भाग, आणि तेथील शेतसाऱ्यातून पोथ्या आणि चित्रे यांचा खर्च भागत होता, असे म्हणणाऱ्याला खोडून काढता येत नाही. याला उत्तर म्हणून सहसा १९३९ ची औंधची राज्यघटना पुढे केली जाते. गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने तयार झालेल्या त्या घटनेने सत्ता लोकप्रतिनिधींकडे सोपवली. ते पाऊल मोठे होते यात शंका नाही, पण एक लाखाचे वचन त्याच्या वीस वर्षे आधीचे आहे, तेव्हा रयतेला विचारण्याची पद्धत नव्हती. म्हणून घटनेची ढाल पुढे करून आधीच्या खर्चाचे समर्थन करणे मला पटत नाही. खर्च कशावर झाला, हे तपासणे अधिक प्रामाणिक आहे. आणि तेथे औंधची बाजू इतर अनेक संस्थानांपेक्षा बळकट ठरते.

लेखाची मांडणी कशी करावी, याबद्दल एक सूचना करतो. जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ जाऊ नका. गादीवर येण्याआधीची एक्केचाळीस वर्षे आणि नंतरची चार दशके यांना सारखी जागा द्या, कारण आजवरच्या लेखनात पहिला भाग दोन ओळींत आटोपलेला असतो. पुण्यात काम सुरू करायचे असेल, तर आदिपर्वाचा खंड आणि त्याची प्रस्तावना आधी वाचा, मग 'चित्ररामायण' मिळवून दोन्हींतील चित्रे शेजारी ठेवून पहा. केशरचना, उत्तरीय आणि आसने या तीनच गोष्टींची तुलना केली, तरी मधल्या काळात काय बदलले ते हाती लागेल. त्यानंतर औंधला जा, आणि शक्यतो सकाळी जा, म्हणजे छतातून येणारा उजेड कसा योजलेला आहे ते नीट दिसेल. बाळासाहेबांची स्वतःची चित्रे तेथे इतरांच्या चित्रांसोबत पहायला मिळतील. रविवर्म्यापुढे उभे राहून मग त्यांच्याकडे वळा, आणि जो निर्णय होईल, तो भीड न बाळगता लिहा.